बॅनरवरची खालची रांग

शिवाजी पेठेत माझं डिझाइनचं दुकान आहे आणि माझं निम्मं आयुष्य लोकांचे चेहरे कापण्यात गेलं आहे. वाढदिवसाच्या बॅनरवर ज्याचा वाढदिवस त्याचा फोटो मोठा, आणि खाली शुभेच्छुक मित्रांच्या चेहऱ्यांची रांग. ही रांग पेठेत फार नाजूक गोष्ट आहे. कोण कुणाच्या शेजारी आणि कोण कडेला ढकलला गेला, यावरून माणसं बोलायची बंद होतात.

चेहरे येतात ते कशाही रूपात. पीएनजी आली की मी पाठवणाऱ्याचं मनोमन भलं चिंतते. तिच्यामागे काही नसतं, इंपोर्ट केली, म्हणजे डिझाइनमध्ये आत घेतली, की चेहरा अलगद येऊन बसतो. जेपीजी मागची भिंत, पडदा, निम्मी मेव्हणी असं सगळं बिऱ्हाड घेऊन येते. भारी फोनवाल्यांची फाइल माझं जुनं सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि वर रागही त्यांनाच येतो. एकाने तर वर्डच्या फाइलमध्ये फोटो चिकटवून पाठवला होता. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी अशाच एका बॅनरचं काम चालू होतं. फुटबॉल खेळणाऱ्या एका तरुणाचा वाढदिवस होता, रांगेतले फोटो त्यानेच पाठवले होते. दुपारी एक बाई आल्या आणि पिशवीतून जुन्या बॅनरचा कापलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यावर एका पोराचा चेहरा होता. आमच्याकडे बॅनर उतरला की कुणाच्या तरी जळणावर नाहीतर गोठ्यावर झाकायला जातो. हा त्यांच्या न्हाणीवर होता.

"ह्यो माझा ल्योक. ह्याला बी घाला की ताई त्या रांगंत. दरसाली असतोय."

मॅचनंतरच्या मारामारीत कुणाचं तरी डोकं फुटलं होतं, त्या केसमध्ये मुलगा कळंब्याच्या जेलमध्ये होता. त्याचे सगळे फोटो त्याच्या फोनमध्ये आणि फोन पोलिसांकडे.

"मावशी, ज्याचा बॅनर त्याला विचारल्याशिवाय मला नाही घालता येणार."

"त्यो न्हाई म्हणाला म्हणून तर तुमच्याकडं आलीया. रांगंत दिसला न्हाई की माणसं इसरत्यात ताई. सुटून आल्यावर पोरानं कुणाजवळ जाऊन बसायचं?"

मला राग आला. त्यांचा नाही, पोराचाही नाही. कुणाचा ते धड ठरवता येईना म्हणून जास्तच आला. मी तुकड्याचा फोटो काढला, इंपोर्ट केला आणि चेहरा कापून रांगेच्या टोकाला बसवला. मोठा केल्यावर छपाईचे ठिपके उठले. ऊनपाण्याने गालाचा रंग गेला होता. बाकीचे चकचकीत आणि हा आजारातून उठल्यासारखा. बाई मात्र म्हणाल्या, "झ्याक दिसतोय."

तेवढ्यात वाढदिवसवाला प्रूफ बघायला आला. त्याने आधी बाईंना पाहिलं, मग स्क्रीन.

"ह्याला कुणी घातला?"

"मी," मी म्हणाले. "काढायचा असेल तर तूच सांग, त्यांच्यासमोर."

तो खाली बघत म्हणाला, "काकू, केसमध्ये माझं बी नाव येईल म्हणून घरातली भित्यात."

"बरोबर हाय बाबा त्यांचं," बाई म्हणाल्या आणि पिशवी आवरायला लागल्या.

तो परत स्क्रीनकडे बघत राहिला. मग मोबाइल काढून बराच वेळ बोट सरकवत बसला. शेवटी माझ्या कॉम्प्युटरवर एक फोटो येऊन पडला, चांगला मोठा आणि स्वच्छ.

"असला नको ताई. ह्यो घ्या."

मी इंपोर्ट केला. मैदानावरचा फोटो होता, पोरगा तोंडभर हसत होता. बाईंनी तोंडाला पदर लावला. मी मागची गर्दी कापली, शेजारचा माणूस कापला. खांद्यावर एक हात तेवढा उरला. असे हात मी सगळ्यांचेच काढते, नाहीतर बॅनरवर भुताटकी दिसते.

"हा पण कापते," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माझाच हाय."