फोटोतला नारळ

उत्तर द्यायला माझ्याकडे दोन दिवस होते. स्क्रीनवर गिऱ्हाइकाची तक्रार उघडी होती. लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, पैसे परत हवेत, असं लिहिलेलं. खाली तीन फोटो आणि दोन बटणं. एक 'रिटर्न मान्य', दुसरं 'हरकत आहे'.

मी दुसरं दाबलं.

आमचं दुकान आदिलाबादला आहे. मल्लेश अन्ना मालक. कंपन्यांनी, ऑफिसांनी काढून टाकलेले लॅपटॉप आणि फोन आम्ही घेतो, साफ करतो, दुरुस्त करतो आणि वेबसाइटवर विकतो. अशा मालाला रिफर्बिश्ड म्हणतात. नवा नाही, पण चालता. गिऱ्हाइकाला पसंत पडला नाही तर सात दिवसांत परत करता येतो. परत करायचं कारण आम्हाला पटलं नाही तर आम्ही हरकत घेतो, म्हणजे क्लेम भरतो. मग दूरच्या शहरात बसलेला वेबसाइटचा एखादा माणूस दोन्हीकडचं वाचतो, फोटो बघतो आणि निकाल देतो. तो आम्हाला कधी दिसत नाही. त्याच्याशी सगळा व्यवहार इंग्रजीत.

हे इंग्रजीचं काम माझं, जोडीला थोडी दुरुस्तीही. माझी दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. डिग्री झाल्यावर वर्षभर कुणी दारात उभं केलं नव्हतं, तेव्हा अन्नांनी खुर्ची दिली, कॉम्प्युटर दिला आणि गिऱ्हाइकांसमोर 'हमारे सर' म्हणून ओळख करून दिली. त्या एका शब्दासाठी मी त्यांचं काहीही करायला तयार होतो. ही सबब म्हणून सांगत नाही. घडलं ते असं घडलं.

लबाड गिऱ्हाइकं असतातच. एकाने आमचा फोन ठेवून घेतला आणि डब्यात अंगाचा साबण घालून परत पाठवला होता. एकाने लॅपटॉपची चांगली बॅटरी काढून जुनी बसवली. तेव्हापासून मी प्रत्येक पार्सलचा पॅकिंग व्हिडिओ काढू लागलो. त्यात मालाचा नंबर दिसतो, माल चालताना दिसतो, मग डबा बंद. हळूहळू क्लेम लिहिण्यात माझा हात बसला. निकाल आमच्या बाजूने लागला की अन्ना म्हणायचे, "मेरा वकील!" आणि मिरची भजी मागवायचे.

त्या महिन्यात रिटर्न फार झाले होते. रिटर्नचं प्रमाण वाढलं की वेबसाइट दुकानाचं खातं काही दिवस बंद ठेवते. आधीच एक ताकीद आलेली. गिऱ्हाइकाने रिटर्नची विनंती केली की ती आमच्या खात्यावर मोजली जाते. हरकत जिंकलो तरच पुसली जाते.

आता ते फोटो.

लॅपटॉप नार्नूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावात गेला होता. नाव मुलीचं होतं, अश्विनी. पहिल्या फोटोत काळी स्क्रीन. दुसऱ्यात मागची बाजू. तिसऱ्यात झाकण, त्यावर हळदकुंकवाची बोटं आणि दोन तांदळाचे दाणे. कुंकू थोडं बिजागरीपाशीही सांडलेलं. वरच्या कोपऱ्यात निरांजन आणि अर्धा नारळ.

बघताक्षणी मला सगळं कळलं. घरात पहिला लॅपटॉप आला, त्याची पूजा केली. माझ्या घरी हेच झालं होतं. दसऱ्याला आमच्या दुकानात आम्ही सोल्डरिंग गनलासुद्धा कुंकू लावतो. कोरड्या कुंकवाने काही बिघडत नाही, हे मला वकिलापेक्षा मेकॅनिक म्हणून चांगलं माहीत होतं.

बिघाड काय असावा, तेही माहीत होतं. पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी, म्हणजे पहिला संशय रॅमवर. रॅम ही बोटभर लांबीची एक पट्टी असते, खाचेत दाबून बसवायची. नीट 'टक्' आवाज येईपर्यंत दाबली नाही तर कुरिअरच्या धक्क्यांत सैल होते. त्या लॅपटॉपची रॅम मीच बदलली होती, पार्सल न्यायला कुरिअरवाला दारात उभा असताना. पॅकिंग व्हिडिओत नंबर दिसत होता, लॅपटॉप चालताना दिसत होता. 'टक्' झालं की नाही, ते कुठल्या व्हिडिओत दिसणार?

मी तिसरा फोटो उघडला. वरचा भाग कापला. निरांजन गेलं, नारळ गेला, तांदूळही गेले. उरली बिजागरी आणि तिच्यापाशी लालसर डाग. मग इंग्रजीत लिहिलं की बिजागरीजवळ लाल रंगाचा ओलसर पदार्थ दिसतो, उपकरणात द्रव शिरल्याची चिन्हं आहेत, नुकसान गिऱ्हाइकाकडून झालेलं आहे. ह्याला आमच्या धंद्यात लिक्विड डॅमेज म्हणतात. हा शब्द आला की वॉरंटी संपली, रिटर्न संपला.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. आम्ही जिंकलो. भजी आली. मी खाल्ली.

आठवड्याने सकाळी एक बाई दुकानात आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. नार्नूरच्या बसने आल्या होत्या. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लेकरासारखं धरलेलं.

"थे ऑनलाइनवाले सर तुमीच काय?"

"हो. बोला."

"मी अश्विनीची माय. अंगणवाडीत आया हाओ." त्यांनी टॉवेल काउंटरवर ठेवला. "मी भांडाले नाई आली, सर. आदीच सांगतो. दुरुस्तीले काय लागते, तेवढं इचाराले आली."

मी भांडणाची तयारी करून उठलो होतो.

"तुमचं कागद आलं मोबाइलवर. पोरीनं वाचून दाखवलं. लाल काईतरी लावलं म्हून आतून बिघडला म्हंते. थे लाल मीच लावलं. गाडीले लावतो, शिलाई मशीनले लावतो, तं म्हटलं, याले काऊन नाई? पोरगी म्हने, आई, लावू नको. म्या आयकलं नाई."

"कुंकू ओलं होतं का?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. मला उत्तर माहीत होतं.

"कोरडंच. पन बोट जरासं ओलं होतं." त्या विचार करू लागल्या. "हळदीत दोन थेंब पानी घातलं होतं. हो, घातलं होतं. आन् नारळ फोडला थो बी जवळच फोडला."

मी लिहिलेल्या खोट्याला त्या बाई स्वतःहून पुरावे देत होत्या.

टॉवेल उघडला. लॅपटॉप लखलखीत पुसलेला. कीबोर्डच्या फटीसुद्धा साफ. अगरबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून एकेक फट पुसली म्हणाल्या.

मी मागचे स्क्रू काढले. रॅम एका बाजूने उचललेली होती. अंगठ्याने दाबली. टक्. बटण दाबलं, स्क्रीन उजळली. त्यांच्यासाठी सांगितलेला चहा येण्याच्या आत सगळं झालं.

बाईंनी स्क्रीनला हात जोडले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालं होतं, सर?"

"आतून थोडं लूज होतं."

"पान्यानं लूज होते काय?"

इथे मला एक शब्द बोलायचा होता. 'नाही.' एवढाच.

"होतं कधी कधी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू शिक्षा कायम झाली. पैसे किती विचारलं. मी काही नको म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "लय उपकार झाले, बाबू. कुठले तुमी?"

माझं गाव त्यांच्या गावापासून तीन स्टॉप अलीकडे आहे. मी म्हणालो, "आदिलाबादचाच."

शहराला लागूनच असलेल्या मावल्याला मुलीच्या होस्टेलवर लॅपटॉप द्यायचा म्हणून त्या ऑटो शोधत गेल्या. टॉवेल परत तसाच गुंडाळला.

मला वाटलं, संपलं. चुकलो, पण भरून दिलं. दुरुस्ती फुकट, गिऱ्हाईक खूश.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर अश्विनी आली. बी.एस्सी. कॉम्प्युटर्सच्या पहिल्या वर्षाला. खांद्यावर बॅग, हातात मोबाइल. अन्ना आत गल्ल्याशी बसले होते.

"सर, लॅपटॉपले काय झालं होतं?"

"रॅम लूज होती."

"लॅबमधल्या सरांले इचारलं मी. पानी गेलं तर बोर्डावर डाग पडतात म्हणले, गंज येते. रॅम उचलून येत नाई. त्यायनं आज खोलून पाह्यलं. एक डाग नाई आत."

तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. क्लेमला जोडलेले फोटो दोन्ही बाजूंना दिसतात, हे मी विसरलो नव्हतो. कुणी उघडून बघेल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

"हा फोटो मी काढला. माझ्यात नारळ हाय. तुमच्यात नारळ कुठं गेला?"

अन्नांनी पैसे मोजायचे थांबवले. "क्या हुआ रे? कैसा नारळ?"

तिनेच सांगितलं, हिंदीत, एकेक पायरी. अन्ना दोन्ही फोटो आळीपाळीने बघत राहिले.

"ये तूने काटा?"

"हो, अन्ना."

"मैंने बोला था क्या तेरे को ऐसा करने को?"

"रिटर्न रेट वाढला होता, अन्ना. खातं बंद झालं असतं…"

"मेरे को अंग्रेजी नहीं आती, इसलिए तेरे को रखा," अन्ना म्हणाले. आवाज चढवला नाही. "तू जीता बोला, मैं भजी मंगाया. क्या लिख के जीता, मेरे को क्या मालूम?"

अन्ना ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना न येणाऱ्या भाषेत मी त्यांच्या दुकानाच्या नावाने खोटं लिहिलं होतं. आणि वर त्यांच्यासाठीच लिहिलं असं मला वाटत होतं.

मी अश्विनीला म्हणालो, "माझी चूक आहे. रॅम मीच नीट बसवली नव्हती. कुंकवाचा काही संबंध नाही. मला तेव्हाच माहीत होतं."

"मले कायले सांगता? त्या दिवसापासून मी आईसंग धड बोलली नाई. काल थे लॅपटॉप घेऊन आली, तं म्हटलं, पुन्यांदा हात नको लावू याले." तिने नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल काउंटरवर ठेवला. "तिले सांगा."

अंगणवाडी सुटलेली असावी. मागे भांडी वाजत होती.

"मावशी, मी दुकानातून बोलतो. लॅपटॉप कुंकवानं बिघडला नव्हता. पाण्यानंही नाही. एक पट्टी मी नीट बसवली नव्हती, म्हणून."

भांडी थांबली. "म्हंजे माह्यामुळं नाई झालं?"

"नाही."

"तुमाले तवा मालूम नसन."

त्यांनी मला सुटायला जागा करून दिली होती. कालच्यासारखीच.

"मालूम होतं, मावशी. लिवलं तवाबी मालूम होतं आन् काल तुमी इचारलं तवाबी." कितीतरी वर्षांत दुकानात मी घरची बोली बोललो नव्हतो.

मी दोन-तीन शिव्यांची वाट बघत उभा.

"अश्विनी हाय काय तिथं?" त्या म्हणाल्या.

"हाओ, आई."

"जेवली काय?"

अश्विनीने मोबाइल उचलला, स्पीकर बंद केला आणि बाहेर पायरीवर जाऊन बोलत बसली. माझ्याशी त्या बाई पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

अश्विनीला पैसे परत नको होते. लॅपटॉप चालत होता. तिला तिच्या खात्यावरचा 'गिऱ्हाइकाकडून नुकसान' हा शेरा पुसून हवा होता. ते सोपं नव्हतं. निकाल लागलेला क्लेम विक्रेत्याला मागे घेता येतो, पण कारण यादीतून निवडावं लागतं. यादीत 'गिऱ्हाइकाशी समझोता' होतं, 'तांत्रिक अडचण' होतं. 'आम्ही खोटं लिहिलं' असं नव्हतं. मी 'इतर' निवडलं आणि खाली सगळं लिहिलं, मूळ फोटोसकट. आधी वाचून दाखव, मग पाठव, असं अन्नांनी सांगितलं. मी हिंदीत वाचलं. कापलेल्या फोटोचं वाक्य आलं तेव्हा ते मला दोनदा पहिल्यापासून वाचावं लागलं. चार ईमेल गेल्या. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं की शेरा काढला आहे. आमचं खातं पंधरा दिवस बंद राहिलं. अन्नांनी मला काढलं नाही. पण 'मेरा वकील' म्हणायचं त्यांनी सोडून दिलं.

आता दुकानात एक नियम आहे. क्लेम पाठवण्याआधी गिऱ्हाइकाला फोन लावायचा आणि आपण काय लिहिलंय ते त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं. मराठी, तेलुगू, हिंदी, जी असेल ती. वाचताना जे वाक्य तोंडातून निघत नाही, ते खोडायचं. ह्यात वेळ जातो, आणि पूर्वीपेक्षा आम्ही जास्त क्लेम हरतो.