एअरब्रशला पाजलेलं तेल

एअरब्रश विकत घेताना मी घासाघीस करून विक्रेत्याला रडकुंडीला आणलं होतं. जहाजावर नोकरी करणारा माणूस, वस्तू परदेशी, वापरलेली. माझ्या घाटकोपरच्या छोट्या स्टुडिओत फोटो टचिंग आणि जाहिरातींची चित्रं व्हायची, त्यासाठी ती हवीच होती. पेनाएवढं फवारणीचं यंत्र: आत लांब सुई, वर बोटाने दाबायचा खटका, खालून हवेची नळी. सोबत तेल मात्र नव्हतं. ते तिकडेच मिळतं, म्हणाला.

मग मी एकेक करून पाहिलं. शिलाई मशीनचं तेल पातळ, सुईवरून ओघळून रंगात उतरायचं. खोबरेल थंडीत थिजायचं. व्हॅसलीनने खटका जड व्हायचा. शेवटी केमिस्टकडचं ग्लिसरीन जमलं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे चुकून रंगात गेलंच तरी फारसं बिघडत नाही. तेही काडीच्या टोकावर राहील एवढंच, सुईच्या मागच्या भागाला. पुढच्या टोकाला काहीच लावायचं नाही.

गिरणी बंद पडल्यावर मोठ्या भावाला मी स्टुडिओत घेतलं. गिरणीत त्याचं काम मागांना तेल घालण्याचं. माझी काडी बघून तो हसायचा. "मशीनला तेल पाजायचं असतं रे, अत्तर लावायचं नसतं." एअरब्रशला हात लावायचा नाही, एवढं मी त्याला बजावलं होतं.

त्या वर्षी अंधेरीच्या एका एजन्सीवाल्याने दिवाळीच्या कॅलेंडरचं चित्र दिलं. दरावरून आमची चांगलीच जुंपली होती. पसंत पडलं तर वर्षभराचं सगळं काम माझ्याकडे येणार होतं. खंडेनवमीला मी त्याच्याकडेच गेलो होतो. मागे भावाने हत्यारांची पूजा मांडली. कॅमेरा, कात्र्या, स्टीलची पट्टी आणि त्यांच्या रांगेत एअरब्रश, हळदकुंकू लावलेला. आईला केवढं कौतुक. परत आल्यावर मीही नमस्कार केला. सुई काढून त्याने समईचं तिळाचं तेल आत ओतलं होतं, हे कुणी बोललं नाही.

दसरा झाल्यावर एजन्सीवाला स्वतः आला, शेवटचा हात फिरताना बघायला. चित्रातल्या बाईच्या गालावर मी फवारा मारला आणि रंग फाटला. जिथे तेलाचा थेंब, तिथे रंग बसेना. गालभर पांढरे ठिपके, देवी आल्यासारखे. सुई ओढून काढली, बोटं चिकट झाली. वास घेतला आणि भावाकडे पाहिलं.

तो माझ्याकडे न बघता गिऱ्हाईकाला म्हणाला, "वापरलेला माल घासाघीस करून आणला की असंच व्हायचं."

एजन्सीवाल्याने मान हलवली. घासाघीस त्याने माझ्याकडून अनुभवली होतीच. तेलाबद्दल मी सांगू लागलो, तर त्याला तो घरातला तंटा वाटला. चित्र तिथेच टाकून तो गेला.

मी भावावर इतका ओरडलो की शेजारचा शिंपी डोकावला. मग जरा थंड झाल्यावर म्हटलं, "दादा, माझ्याबरोबर अंधेरीला चल. काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग."

"काय सांगू? मी पूजा केली, ती चुकली म्हणून?"

"पूजा नाही चुकली. तेल चुकलं."

"सबंध जन्म तेलात गेला माझा. तू मला तेल शिकवणार?"

आई त्याच्याच बाजूची. त्याची नोकरी गेलेली, त्यात परक्यासमोर त्याला मान खाली घालायला लावू नकोस, म्हणाली. माझं काम गेलं त्याचं कुणाला काय? तो अंधेरीला आला नाही. मी त्याला स्टुडिओतून काढलं. पुढे तो भांडुपला कंपनीत लागला आणि आमचं बोलणं संपलं.

रॉकेलने धुऊन, मग साबणाच्या पाण्याने खंगाळून मी तो एअरब्रश साफ केला आणि पुढे कित्येक वर्षं चालवला. अंधेरीचं काम मात्र परत आलं नाही. नात्यातल्या लग्नांत अजून ऐकू येतं, कंजूषपणाने भंगार माल आणला आणि खापर भावावर फोडलं. माणसं हे मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. तो समोरच्या पंगतीत असतो, जेवत राहतो.