पोयणीच्या पानावरचा बाप

लग्न होऊन मी नाशिकहून दिंडोरीजवळच्या गावात आले, ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. सासरी सगळं छान होतं, एक गोष्ट सोडून. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचं मूल उचलायचं नाही, अशी त्या घरची रीत. आम्हाला मुलगी झाली, आणि आमचे हे तिच्याकडे असे बघायचे, जणू ती शेजाऱ्यांचीच आहे. खोलीचं दार लावलं की मात्र तिला छातीवरून खाली ठेवायचे नाहीत. मला भयंकर राग यायचा. माझ्या लेकीला तिच्या बापाने चारचौघांत घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

राग आला की मी लेकीला घेऊन गावतळ्यावर जायचे. तिथे कुमुदिनी होती. गावात तिला पोयणी म्हणत. सकाळी अजून उघड्या असलेल्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या घोंगावायच्या. पानांच्या सावलीत इवले मासे लपायचे. सासऱ्यांच्या मते मात्र पोयणी म्हणजे घाण. गणपतीच्या विसर्जनाला पाणी मोकळं हवं म्हणून लेक व्हायच्या आदल्या वर्षी त्यांनी पोरांना लावून ती झाडून सगळी उपटली. पुढे उन्हात पाणी तापलं, शेवाळाने हिरवंगार झालं, म्हशीसुद्धा तोंड लावेनात. कंद चिखलात राहिले म्हणून ती पुन्हा फुटली, एवढंच. मी जीवशास्त्र शिकलेली. ही पानंच पाणी थंड ठेवतात, शेवाळ वाढू देत नाहीत, असं सांगून पाहिलं. "लय शिकलीस बाई," म्हणाले आणि चहा मागितला.

पुढच्या वर्षीही ते पोरांना घेऊन, हातात विळा धरून पाण्यात उतरले आणि थबकले. पोयणीच्या पानावर लांब शेपटीचा कमळपक्षी ओरडत होता. त्याची पिल्लं पानांवरून तुरुतुरु धावत आली आणि त्याच्या पंखांखाली शिरली. बाहेर नुसते पाय दिसत होते.

"आई हाय का ती?" सासऱ्यांनी काठावर लेकीला घेऊन उभ्या असलेल्या मला विचारलं.

"नाही, बाप आहे. ती अंडी घालून गेली. उबवायचं, सांभाळायचं, सगळं हाच करतो."

काठावर धुणं धुणाऱ्या सासूबाईंनी लुगडं दगडावर जोरात आपटलं. "ऐका! पाखराला लाज नाय वाटत, आमच्या घरच्या बापांना वाटती!"

पोरं फिदीफिदी हसली. सासरे विळा खाली करून बाहेर आले. "ऱ्हाऊ द्या ती पोयणी. गणपती पलीकडून सोडू."

विसर्जनाला अख्खं गाव काठावर जमलं होतं. आरती संपली तशी लेक माझ्या कडेवर रडायला लागली. सासऱ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं.

"हात मोकळेच हायेत ना तुझे? मग घे की पोरीला."

ह्यांना खरंच वाटेना. मग घेतलं. लेकीने रडणं थांबवून त्यांची गुलालाने माखलेली कॉलर तोंडात घातली.

"तुला मी असं कधी घेतलंच नाय रे," सासरे हळूच म्हणाले.

 ह्यांनी लेकीला वडिलांच्या बाजूला वळवून धरलं.