भोपाळ: रांगोळीतला आत्याचा चेहरा

नागपूर ते भोपाळ हा रस्ता मी आजवर अकरा वेळा केलाय. सावनेरनंतर चहा कुठे बरा मिळतो, मुलताईला पोह्यांवर शेव कोण सढळ हाताने घालतो, बैतूलच्या पुढच्या घाटात ट्रकमागे किती वेळ गुमान राहावं, सगळं तोंडपाठ. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, ही माझी मिजास जुन्या वाचकांना माहीत आहे. या खेपेला एका साध्या प्रश्नाने ती उतरवली, म्हणून हे लिहितोय.

भोपाळच्या बरखेड्यात तिथल्या मराठी मंडळींनी रांगोळीचं प्रदर्शन भरवलं होतं. देव नाहीत, पुढारी नाहीत. आसपासच्या वसाहतींतली सात माणसं, काही गुन्ह्यात जीव गेलेली, काही त्यातून वाचलेली. त्या सातांत माझी आत्या होती. सहा वर्षांपूर्वी ती सकाळी फिरायला निघाली असताना मोटरसायकलवरच्या दोघांनी तिच्या गळ्यातली साखळी ओढली. साखळी लवकर तुटली नाही, आत्या फरफटत गेली आणि तोंड फुटपाथच्या कडेवर आपटलं. तेव्हापासून तिच्या चेहऱ्यावर व्रण आहे. आतोबा तिथल्या मोठ्या कारखान्यात होते. ते गेल्यापासून ती बाग सेवनियातल्या फ्लॅटमध्ये एकटीच राहते.

आत्याने फोनवर प्रदर्शनाचं सांगितलं तेव्हा अभिनंदन करायचं की गप्प बसायचं, मला कळेना. शेवटी मी "येतोच" म्हणालो आणि माझ्याकडचा तिचा सर्वांत छान फोटो रांगोळी काढणाऱ्या तन्वीला पाठवून दिला. तो माझ्या मुलीच्या बारशातला होता, म्हणजे सतरा वर्षांपूर्वीचा.

सकाळी सहाला निघालो. साडेतीनशे किलोमीटर, थांबत थांबत आठ तास. टोल फास्टॅगवर कापला जातो, शिल्लक तेवढी आधी बघून ठेवा. मुलताईला पोहे झाले, आणि बैतूलजवळ चहाला थांबलो असताना तन्वीचा फोन आला. पोरगी भोपाळमध्येच जन्मलेली, आत्याला आजी म्हणते, तिची मराठी वाटेत कुठेही हिंदीत शिरते.

"काका, फोटो तर एकदम मस्त आहे. पण आजी बोलल्या की आत्ताचा चेहरा काढायचा. आणि आत्ताचा फोटो मागितला तर बोलतात, नाहीये. मी भेटले तेव्हा पदर घेतलेला होता, आणि निशानचं त्यांनाच विचारायला कसंतरी वाटलं. निशान कोणत्या साइडला आहे?"

"गालावर," मी म्हणालो.

"हो ना, पण लेफ्ट की राइट?"

मी चहाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला. सहा वर्षांत आत्याकडे पाच वेळा तरी राहून आलोय, तिच्या हातची थालीपिठं खाल्ली आहेत, आणि मला सांगता येईना. "पोचून सांगतो," म्हणालो आणि गाडीत बसलो. पुढच्या घाटाचं मला यंदा काहीच आठवत नाही, त्यामुळे रस्ता कसा आहे ते कृपया दुसऱ्या कुणाला विचारा.

भोपाळला पोचल्यावर खरी पंचाईत झाली. आत्या दारात उभी, पदर कानावरून घेतलेला, जाड चष्मा. मी वाकून नमस्कार केला आणि उठताना बघू म्हटलं, तर नजर आपोआप तिच्या मागच्या कॅलेंडरवर गेली. जेवताना बघायचं ठरवलं आणि वरणाकडे बघत जेवलो. मला तो व्रण बघवत नव्हता, हे खरं. दवाखान्यात भेटायला गेलो होतो तेव्हाही पूर्ण वेळ मी सलाईनची बाटलीच बघत होतो. पण विचारायचं तरी कसं? "आत्या, तुला लागलं होतं ते कुठल्या बाजूला गं?"

संध्याकाळी तिला मोठ्या तळ्यावर घेऊन गेलो. सूर्यास्ताच्या तासभर आधी गेलात तर पार्किंग मिळतं, आणि भाजलेलं कणीस घ्या, लिंबू जास्त मागून. आत्याचा गुडघा दुखतो, म्हणून ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती. एका सिग्नलला मी मधल्या आरशात पाहिलं, वाऱ्याने तिचा पदर सरकला, आणि दिसला व्रण. आरशात डावीकडे. आरसा म्हणजे सगळं उलटं, असा मी हुशारीने विचार केला आणि तळ्यावर उतरल्या उतरल्या तन्वीला कळवून टाकलं: उजवीकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आम्ही बरखेड्यातल्या सभागृहात पोचलो. प्रदर्शन चारला उघडणार होतं. आत पंखे बंद, कारण रांगोळी उडते. सगळे घामाघूम आणि सगळे कुजबुजत बोलणारे. जमिनीवर दारापेक्षा मोठे सात चेहरे. जे गेले त्यांच्यासमोर पणती, जे आहेत त्यांच्या चित्राशेजारी खुर्ची. एक बाई चुकून लवकर आत आल्या होत्या, त्यांनी मला विचारलं, "पहला नंबर किसका आया?" रांगोळीचं प्रदर्शन म्हटलं की नंबर असतोच, त्यांची काय चूक. मलाही इथे वा म्हणायचं, हात जोडायचे की नुसतं उभं राहायचं, ते उमगत नव्हतं.

एका चित्रापाशी एक मध्यमवयीन बाई उभी होती. तिचा नवरा एका गोदामाचा पहारेकरी, चोरांना अडवताना मारला गेलेला. ती तन्वीला सांगत होती, "बेटा, मूँछ थोड़ी और घनी थी। इधर से, होंठ के ऊपर से।" तन्वी चिमटीतून काळी पूड सोडत होती आणि बाई सांगत होती, एकदाही न अडखळता. मी तिथून हललो.

आत्या स्वतःच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली होती. केस, चष्मा, कपाळावरची आठी, सगळं हुबेहूब. उजव्या गालावर व्रण. आत्याने हळूच पदर मागे केला आणि स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

"ही मी नव्हे."

तन्वी रडवेली झाली. "आजी, काकांनी राइट सांगितलं होतं."

आत्या माझ्याकडे वळली. मी खरं ते सांगून टाकलं, आरसा वगैरे सगळं, आणि मागे बसलेल्याचं डावं आरशातही डावीकडेच दिसतं हे लक्षात आलं नाही, तेही. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "सहा वर्षं तू माझ्या कानाकडे बघून बोलतोयस, शिरीष. मला वाटायचं, मी फार वाईट दिसत असेन. म्हणून फोटो काढू देणं सोडलं."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती चित्राशेजारच्या खुर्चीत बसली आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तन्वी, तू काम सोडून माझ्याकडे बघू नकोस, वेळ नाहीये. हा सांगेल. बघ रे नीट."

तन्वीने चित्राच्या दोन्ही कडांना विटा ठेवून वरून आडवी फळी टाकली, तिच्यावर ओणवी झाली आणि उजव्या गालावर कातडीच्या रंगाची पूड चाळली. तिथला व्रण बुजला. मग ती म्हणाली, "बोला काका."

मी आत्यासमोर गुडघ्यांवर बसलो. मग रस्ता सांगतो तसं सांगायला लागलो, कारण मला तेवढंच येतं. कुठून निघतो, कुठे वळतो, कुठे रुंद आहे, टाके कुठे दिसतात. तन्वी विचारायची, "रंग?" मी म्हणायचो, "वर फिका, खाली थोडा गुलाबी." मध्येच आत्या हसली, तेव्हा व्रणाचं खालचं टोक आत ओढलं गेलं आणि तिथे एक खळी पडली. ही खळी मी कधी पाहिलीच नव्हती. "आत्या, अशीच हस जरा," मी म्हणालो, आणि तन्वीला तीही सांगितली.

चार वाजता दारं उघडली. माणसं रांगेने आली. एकाने आधी चित्राला नमस्कार केला, मग खुर्चीतल्या आत्याला, आणि मग गोंधळून मलाही. आत्या पदर मागे टाकून बसली होती.

नागपूरला येऊन आठवडा झाला. प्रदर्शन संपल्यावर रांगोळ्या झाडून टाकल्या, सातही चेहऱ्यांची मिळून एक राखाडी पूड झाली, असं आत्याने फोनवर सांगितलं. पहारेकऱ्याच्या बायकोने त्यातली चिमूटभर पुडीत बांधून नेली म्हणे. याने कुणाचं काय भरून निघालं, हे मला अजूनही ठरवता येत नाही. दोन तास उकाड्यात उभं राहून लोक घरी गेले. साखळी ओढणारे कोण होते, ते आजही माहीत नाही.

दर वेळी मी शेवटी फोटो टाकतो. या वेळी टाकत नाही. त्या दिवशी आत्याने काढू दिलेला फोटो तिचा आहे, आणि आता तो तिच्याकडे आहे. पण रस्ता सांगतो. डाव्या डोळ्याखालून निघतो, गालाच्या मध्यावर कानाकडे वळतो, वळणावर चार टाके दिसतात, पुढे उतरत ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर संपतो. ती हसली की तिथे खळी पडते.