नारायणशेठांचा रविवारचा संशय

नारायणशेठ कुठलीही गोष्ट आधी हुंगत. टँकरचं पाणी, लग्नपत्रिका, लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल, सगळं नाकाजवळ जाऊन मगच डोळ्यांसमोर येई. अन्वरचा ड्रोनही त्यांनी हुंगला. म्हणाले, "पिलास्टिक हाय. पन वजन किती?"

सुकापूरची आमची इमारत त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे. जमीन घेताना बिल्डरने दाखवलेल्या नकाशात मागच्या बाजूला बाग होती. ती अजून नकाशातच आहे. तेव्हापासून शेठ नकाशावर, शिक्क्यावर आणि हसऱ्या माणसावर विश्वास ठेवत नसत. "हसतंय म्हंजे कायतरी लपवतंय," हे त्यांचं शास्त्र. मी शेजारच्या दाराचा, निवृत्त ग्रंथपाल. माझ्यावरही त्यांचा संशय होता, कारण मी कधी काही मागत नसे.

अन्वर तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि तळोज्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. त्याने हौसेने ड्रोन आणला, तेव्हा सोसायटीची तातडीची सभा भरली. सचिवांनी 'राष्ट्रीय सुरक्षा' हे शब्द इतक्या वेळा उच्चारले की गच्चीची गळती विषयपत्रिकेवरच वाळून गेली. अन्वरचं म्हणणं एवढंच होतं, "दुकानवाला बोलला, इतक्या हलक्याला काहीच लागत नाही."

"दुकानवाला बोलला!" शेठ मागच्या खुर्चीवरून उठले. "आनि तू ऐकलंस?"

दुसऱ्या दिवशी ते अन्वरला ड्रोनसकट सोनाराच्या काट्यावर घेऊन गेले. सूट अडीचशे ग्रॅमपर्यंतच असते; पंख्यांभोवतीची जाळी लावल्यावर ड्रोन त्याच्या वर भरला. मग दोघे माझ्या दारात. "सायेब, नियम वाचा. मी ऐकतो." मी सरकारी संकेतस्थळावरून वाचत गेलो आणि ते प्रत्येक वाक्याला मला थांबवत राहिले. "हे कोनी लिवलं? त्याच्या घरी ड्रोन हाय काय?" शेवटी त्यांनी निकाल दिला, "हौसेनं उडवनाऱ्याला लायसन नाय लागत. पन ड्रोनला सरकारी नंबर लागतंय. ह्या दोन गोष्टी. दुकानदारानं एकात गुंडाळून विकल्या."

अन्वरने रीतसर नोंदणी केली आणि मिळालेला नंबर ड्रोनवर चिकटवला. शेठनी तो नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही, तेव्हा थोडे हिरमुसले.

नंबर मिळाला म्हणून आभाळ मिळत नाही. फोनवर दिसणाऱ्या सरकारी नकाशाने आभाळाला रंग दिलेले आहेत. लालमध्ये उडवायचं नावच काढायचं नाही, पिवळ्यात आधी परवानगी घ्यायची, हिरव्यात मोकळीक, पण तीही ठरलेल्या उंचीपर्यंत. विमानतळ शेजारी आल्यापासून आमच्या डोक्यावर हिरवं औषधालाही उरलेलं नाही. त्यासाठी लांब डोंगराखाली जावं लागतं.

"मी येतो," शेठ म्हणाले. "तू खरंच हिरव्यात उडवतंस काय, ते बगतो."

तेव्हापासून दर रविवारी शेठ अन्वरच्या स्कूटरवर मागे बसून जाऊ लागले, मांडीवर ड्रोनची पेटी. चूक पकडायला जात. ती सापडत नसे, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा जात.

"नकाशा बगितलास?"

"सकाळी घरी बघितला, शेठ."

"आनि हितं? आदीचा नकाशा म्हंजे कालचं दूध. तापवून बगायचं."

एका रविवारी मीही माझ्या स्कूटरवरून मागोमाग गेलो. ड्रोन येऊन घरं हेरतो आणि मग चोर येतात, अशी अफवा त्या दिवसांत गावोगाव फिरत होती. अन्वरने ड्रोन उतरवला आणि जवळच्या वाडीतली माणसं काठ्या घेऊन आली. एकाने नाव विचारलं. अन्वरने सांगितलं. नाव ऐकताच गर्दीचा आवाजच बदलला. एक काठी वर गेली. ती ड्रोनवर नव्हती, अन्वरवर होती.

शेठ मध्ये शिरले आणि त्यांनी ड्रोन उलटा करून धरला. "वाच. नंबर हाय. चोर कदी आपला नंबर लावून येतंय काय?"

"तुमचा भरोसा हाय याच्यावर?" काठीवाल्याने विचारलं.

"भरोसा?" शेठ दुखावलेच. "भरोसा कोनी ठेवला? तीन म्हैने दर रविवारी मी याच्यावर संशय घेतंय. अजून सापडला नाय. तुमी तर आज आलात. रांगेत मागं उबे रावा!"

कोणीतरी हसलं. "पोलिसांना बोलवायचं तर बोलवा," म्हणत शेठ तिथल्याच दगडावर बसले, ते शेवटचा माणूस पांगेपर्यंत उठले नाहीत. काठी कधी खाली आली ते मला कळलं नाही. अन्वरने ड्रोन पुसून पेटीत ठेवला.

"शेठ, आज तुमच्यामुळे जान वाचली," तो म्हणाला.

"नंबरामुळं वाचली. नसता, तर पयली काठी मीच उचलली असती." हे ते खरं बोलले की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या थंडीत शेठ गेले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी हुंगून बाजूला ठेवल्या होत्या. शोकसभेत सचिव म्हणाले, "त्यांचा सर्वांवर विश्वास होता." शेठ असते तर उठून गेले असते.

महिनाभराने अन्वर पेटी घेऊन माझ्या दारात आला. "काका, रविवारी येता का? एकट्याने उडवायला डर लागतो. संशय घ्यायला कोणीतरी सोबत हवं."

मी गेलो, मांडीवर पेटी घेऊन. डोंगराखाली त्याने ड्रोन जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत थांबला. मला जरा उशिराच उमगलं.

"नकाशा बघितलास?"

"हो, आत्ताच," अन्वर म्हणाला, आणि हसला.

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः पाहिलं.