एटीएममधून सदतीस पैसे निघत नाहीत

वर्दी कपाटात गेली, तरी जोगेश्वरीच्या ठाण्यातली ती दुपार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

खबर एका चाळीतून आली. सासूने सुनेचे कपडे पिशवीत भरून दाराबाहेर ठेवले होते आणि प्रकरण हातघाईवर आले होते. बीट अंमलदार दोघींना पिशवीसकट घेऊन आला. कुटुंब मूळचे कोकणातले. मुलाच्या पायाच्या ऑपरेशनसाठी सासूने बँकेतून पैसे उचलले होते. तेव्हापासून दर महिन्याअखेर तिच्या खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज येत होता. एटीएम कार्ड सुनेकडे, म्हणून चोर सून.

"हिच्यावर गुन्हा दाखल करा, साहेब. मी हिला घरात घेणार नाही."

"लफडं तुमच्या बँकेचं, आणि वाट माझी लावताय!" सून उसळली.

"ए बायांनो, हे ठाणं आहे, नळ नाही," महिला हवालदार गरजली.

मी दोघींना वेगळे बसवले. सुनेला आडून, उलटून विचारले. तिचे उत्तर बदलले नाही.

"गेल्या महिन्यात मी माहेरी होते, कार्ड इथे कपाटात. तरी पैसे कापले. मी काय तिथून उडत आले?"

सासूचा मोबाईल मागवला. मेसेज इंग्रजीत. दर वेळी रक्कम वेगळी आणि शेवटी सुटे पैसे. एका मेसेजमध्ये तर सदतीस पैसे. मी तिथेच थांबलो. यंत्र फक्त नोटा देते. सदतीस पैसे चोरणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

दोघींना घेऊन बँकेत गेलो. अधिकारी तरुण, बोलायला गोड.

"सर, हे ओव्हरड्राफ्टचं व्याज आहे. यांची एफडी न मोडता तिच्या आधारावर पैसे दिले. ते कर्जच झालं. परत भरेपर्यंत दर महिन्याला व्याज लागणार, आणि ते थकलं की त्यावरही व्याज."

"एफडी माझीच ना?" सासू म्हणाली. "मग माझ्याच पैशावर मी व्याज कशाला भरू?"

"एफडी तुमची, मावशी. उचललेले पैसे बँकेचे. तुम्ही सही केलीय."

"सही घेताना हे सांगितलं होतं?" मी विचारले.

"फॉर्मवर लिहिलंय, सर."

"लिहिलंय का, ते नाही विचारलं."

त्याने नजर कॉम्प्युटरकडे वळवली. मग म्हणाला, "थोडे थोडे भरले असते तरी व्याज कमी झालं असतं. घरात काहीच नव्हतं का?"

"आहे ना!" सून म्हणाली. "देव्हाऱ्याखाली डबा आहे. वर्षभर साठवायचं आणि गावी गणपतीलाच उघडायचं. ऑपरेशनलाही हात लावू दिला नाही."

"देवाचे आहेत ते," सासू पुटपुटली.

"मग देवालाच सांगा, मी चोर नाही म्हणून."

ठाण्यात परतल्यावर सासूने बाकाखालची पिशवी स्वतः उचलली.

"चल गं. डबा तू उघड."

घरात पैसा आटला की पहिले बोट घरातल्याच माणसाकडे जाते, आणि बहुतेक वेळा लग्न होऊन आलेल्या बाईकडे. हे मी शेकडो जबाबांत पाहिले. ज्याच्या टेबलावर सही झाली, त्याच्याकडे बोट जात नाही. न समजावता सही घेणाऱ्यासाठी माझ्याकडे कलम नव्हते.

स्टेशन डायरीत मी नोंद केली : आपसात मिटले. ती नोंद मला अजून टोचते. भांडण त्यांच्या आपसातले नव्हतेच. ते लावणारा त्याच वेळी पंख्याखाली बसून पुढच्या बाईची सही घेत होता.