दुखणाईताची भांडी

डिशवॉशर आमच्याकडे हौसेनं आला नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण सोसायटीतल्या बायका अजून लिफ्टमध्ये विचारतात, "काय गं, मजा आहे ना तुझी, भांडी मशीन घासतं!" मजा कसली डोंबलाची.

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिसवर दिवस काढून काढून माणूस अर्धा झाला होता. मग माझी एक किडनी त्याला बसवली. त्यात मोठेपणा काही नाही. रक्तगट जुळला, मी धडधाकट होते आणि नवरा मला जिवंत हवा होता. सासूबाईंना मात्र ते लागलं. आधी त्याच पुढे सरसावल्या होत्या. "माझी काढून घेवा. माका आता ती ठेवन काय करूचा आसा?" असं डॉक्टरांना मालवणीत सांगत होत्या आणि डॉक्टर गुजराती. वय झालेलं, त्यात साखर, म्हणून त्यांना नाही म्हटलं. मुलाला द्यायला आपल्याजवळ काहीच नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

ऑपरेशननंतर घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. शरीर परकी किडनी झिडकारतं. ते होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम पाडून ठेवतात. त्यामुळे तुम्हाआम्हाला साधं पोट बिघडवणारा जंतू त्याच्या जिवावर बेतू शकतो. पाणी उकळलेलं, फळं सोललेली, बाहेरचं बंद. भांडी कडक गरम पाण्यात धुतलेली आणि खडखडीत कोरडी. ओल्या भांड्यात जंतू वाढतात, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मी ते डोक्यात पक्कं बसवलं. आमच्या भांडीवाल्या मावशी दहा घरची खरकटी काढून आमच्याकडे यायच्या, त्यांना मी हात जोडून थांबवलं आणि मशीन आणलं.

आणि ते मशीन भांडी ओली ठेवायचं.

सगळी नाही हां. माझं ताट कोरडं, सासूबाईंचं कोरडं, कुकरची भांडी कोरडी. नेमकी नवऱ्याची ओली. त्याचा सेट वेगळा होता. एक ताट, दोन वाट्या, पेला, सगळं स्टीलचं, लग्नातलं, वर त्याचं नाव कोरलेलं. सकाळी भांडी लावून, मशीन चालू करून मी ऑफिसला अंधेरीला जायचे. संध्याकाळी बोरिवलीला घरी यावं तर सासूबाईंनी भांडी काढून ओट्यावरच्या स्टँडात लावलेली असायची. त्याच्या वाटीत बोट फिरवलं की बुडाशी ओल. कधी पेल्यात घोटभर पाणी, वर साबणाचा पांढुरका थर. माझ्या तर डोक्यात तिडीकच जायची. मग ऑफिसचे कपडेही न बदलता मी त्याचं ताट-वाटी पुन्हा घासायची, पातेल्यात उकळायची, गॅसच्या धगीवर वाळवायची. किडनी काढलेल्या बाजूला तेव्हा अजून ओढ लागायची. उभं राहवायचं नाही.

मी काय काय करून बघितलं त्याला सुमार नाही. वाट्या वरच्या खणात मागे ठेवल्या, मग पुढे, मग खालच्या खणात. एकात एक अडकू नयेत म्हणून लांब लांब लावल्या. सगळ्यात गरम पाण्याचा प्रोग्राम लावला. पाणी मऊ व्हावं म्हणून मशीनमध्ये मीठ घालतात, ते बदललं. भांड्यांवरून पाणी निथळून जावं म्हणून एक निळं लिक्विड घालतात, त्याचा डोस वाढवला. आमच्या सोसायटीत निम्मं पाणी टँकरचं, जड, तेव्हा सेक्रेटरीशीही भांडले. आणि गंमत बघा, रविवारी सगळं झकास! रविवारी मी घरी असायची, मशीन संपलं की स्वतः उघडायची आणि त्याची वाटी अशी कोरडी, की वाजवावी. सोमवारी परत येरे माझ्या मागल्या.

मेकॅनिकला बोलावलं तोही रविवारी, कारण मला सुट्टी तेव्हाच. त्यानं मशीन चालवून दाखवलं. सगळं कोरडं. "मॅडम, मशीन एकदम ओके है," म्हणाला. मी म्हटलं, आठवडाभर ओली असतात. तो माझ्याकडे असा बघायला लागला, की नवऱ्याच्या आजारपणानं हिचं डोकं फिरलंय. जाताना पाण्याच्या प्रेशरचं काहीतरी पुटपुटून गेला. सासूबाई तेव्हा दारातच उभ्या होत्या.

मग एक दिवस ऑफिसात पोचले तर एसी बंद पडलेला, आम्हाला लगेच घरी पाठवलं. मी लॅचची किल्ली लावून घरात आले. नवरा आतल्या खोलीत झोपला होता. स्वयंपाकघरात गेले तर मशीन मध्येच थांबलेलं, दार उघडं, वाफ बाहेर येतेय, आणि सासूबाई त्याच्यापुढे पाटावर बसून, पदर हातावर गुंडाळून, आतली कढत भांडी चाचपडतायत. नवऱ्याचा पेला त्यांनी उचलला, पदरानं आतून पुसला आणि सुलटा करून परत ठेवला. मग वाटी सुलटी. मग दुसरी वाटी. ज्या पदरानं त्या सकाळपासून हात पुसत होत्या, तोच पदर.

"आई, काय करताय तुम्ही?"

त्या दचकल्या नाहीत. उलट माझ्यावरच चिडल्या. "माझो झील दुखण्यात आसा आणि तू त्येची भांडी रोज पालथी घालतंस? तुका कोणी शिकवल्यान नाय?"

मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात दुखणाईताचं भांडं कधी पालथं घालत नाहीत. घासलं तरी सुलटं ठेवायचं. जेवणारा माणूस उरला नाही, की त्याचं भांडं पालथं घालतात. सासरे गेले तेव्हा त्यांनी स्वतः त्यांचं ताट पालथं घातलं होतं. मी सकाळी मशीनमध्ये भांडी लावताना बघायच्या, मला सांगायला जायचं तर मी ऐकणार नाही हे त्यांना माहीत, म्हणून मी गेले की मशीन चालू असताना दार उघडून नेमकी त्याची भांडी सुलटी करायच्या आणि दार परत लावायच्या. सुलट्या वाटीत पाणी साचणार नाही तर काय होणार! त्यांच्या बोटांच्या टोकांना फोड आले होते. मला म्हणाल्या होत्या, तव्याचा चटका बसला.

एवढे दिवस मी मशीनला शिव्या घालत होते, टँकरवाल्याला घालत होते. मी ओरडले. असं ओरडले की तो आत जागा झाला. "आई, तुम्ही तुमच्या मुलाला तुमच्या हातानं माराल! कळतंय का तुम्हाला? पदरानं पुसताय त्याचा पेला! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" मी बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. त्याच्या पोटात माझी किडनी होती आणि ती टिकावी म्हणून मी जिवाचं रान करत होते.

सासूबाई पाटावरून उठल्या. "माझ्यामुळे?" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, तुमच्यामुळे." त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही. भांडी कोरडी निघायला लागली, सोमवारीसुद्धा.

आणि आठवडा उलटायच्या आत नवऱ्याला ताप भरला. मग जुलाब. थांबेनात. मला तर धडकीच भरली. अंधेरीच्या हॉस्पिटलात ॲडमिट केला. सासूबाई मागे घरी एकट्या. मी कपडे न्यायला आले की बघायचे, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसलेल्या. चहासुद्धा करून घ्यायच्या नाहीत. भांड्यांना हात लावायला घाबरायच्या. शेजारीण त्यांना भात आणून द्यायची, तो त्या कागदी प्लेटमध्ये खायच्या. मी काही समजूत घातली नाही. माझी खात्री होती, की त्या ओल्या वाट्यांनीच घात केला.

डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. भांडी, वाफ, पदर, सगळं रामायण. त्यांनी ऐकून घेतलं आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. जुलाब वेगळ्याच विषाणूचे होते. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो असतोच म्हणे, नुसता झोपलेला. धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही. प्रतिकारशक्ती पाडली की तो उठतो. "आम्हाला याची कल्पना होती. म्हणून सुरुवातीला त्याच्यावरची गोळी चालू होती. ती बंद केल्यावर काहींच्या बाबतीत असं होतं."

"पण आला कुठून?"

"पेशंटच्या अंगातलाच असेल. किंवा किडनीबरोबर आला असेल. तुमच्या तपासणीतही तो होता. नक्की कुणाचा, ते सांगता येणार नाही."

"आणि भांडी?"

"भांड्यांचा काही संबंध नाही."

मी खाली कँटीनमध्ये जाऊन बसले. समोर चहा निवत होता. कुशीत जिथून किडनी काढली तिथे मी हात दाबून धरला होता. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो काढायचा कुणावर तेच समजत नव्हतं.

विषाणू मारायचा तर प्रतिकारशक्ती थोडी वर येऊ द्यायला हवी होती, म्हणून किडनी सांभाळणारी औषधं कमी केली. शरीरानं डाव साधला. विषाणू गेला आणि किडनीही गेली. माझी किडनी त्याच्या पोटात निकामी होऊन पडली आणि तो परत डायलिसिसवर आला.

डायलिसिस पुन्हा सुरू झालं त्या दिवशी घरी येऊन मी सासूबाईंसमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "आई, ते तुमच्या भांड्यांमुळे नव्हतं. रोग बहुतेक माझ्या किडनीबरोबरच गेला त्याच्यात." सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, त्यांच्या जिवावरचा दगड उतरेल.

"ह्या त्येका सांगलंस?"

"नाही अजून."

"सांगू नको." माझा हात त्यांनी घट्ट धरला. "तुझा कळला तर तो तुझ्याकडे कसो बघतलो? तुका त्येच्यावांगडा दिवस काढूचे आसत. भांड्यांमुळे झाला असाच सांगूचा. माका काय! मी आवस त्येची. माझ्यार रागावलो तरी जातलो खय?"

मी म्हटलं, असलं काही चालणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात पोचायच्या आधीच त्या रिक्षा करून गेल्या होत्या. मी वॉर्डात शिरले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि सासूबाई स्टुलावर मांडीत हात घेऊन बसल्या होत्या. "सांगलंय मी त्येका," म्हणाल्या.

मी तिथल्या तिथे त्याला खरं सांगितलं. "अरे, खोटं आहे ते. आईचा काही दोष नाही. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडूनच आलं असेल." त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू तिला पाठीशी घालू नकोस," तो म्हणाला. "मी ऐकलंय त्या दिवशी, तू तिला काय बोललीस ते. घर डोक्यावर घेतलं होतंस."

मी रिपोर्ट दाखवला. डॉक्टरांना विचार म्हटलं. तो थकला होता. "बस झालं यार," म्हणाला आणि परत भिंतीकडे वळला. त्याला रागवायला कुणीतरी हवं होतं आणि आईनं स्वतःच पुढे होऊन ती जागा घेतली होती. मी नंतरही सांगत राहिले, कधी शांतपणे, कधी भांडून. दर वेळी त्याला वाटायचं, ही सासूला सांभाळून घेतेय. आणि सासूबाई मागून मान हलवायच्या, म्हणजे ही खोटं बोलतेय.

घरी आल्यावर त्यानं आईच्या हातचं घेणं सोडलं. जेवण नाही, औषध नाही, साधा पाण्याचा पेला नाही. मी ऑफिसात असले तर तहान मारून पडून राहायचा. डायलिसिसवाल्याला तसंही पाणी मोजूनमापून, त्यात हे. सासूबाई पेला भरून त्याच्या खोलीच्या दाराशी जायच्या. तो म्हणायचा, "ठेव तिकडे, ती आली की घेईन." त्या ठेवून परत यायच्या. रागावायच्या नाहीत. जाईल त्याचा राग, म्हणायच्या.

गेला नाही. तो डायलिसिस चालू असतानाच गेला. हृदय थांबलं. सकाळी चालत, हातात पेपर घेऊन गेलेला माणूस दुपारी ॲम्ब्युलन्समधून घरी आला.

हॉलमध्ये त्याला खाली ठेवलं. माणसं जमली. कुणीतरी तुळशीचं पान आणलं, वाटीत गंगाजल घातलं. तोंडात पाणी घालायचं होतं. आधी आईनं घालावं, असं सगळे म्हणाले. त्यांना दोघींनी धरून त्याच्या उशाशी आणून बसवलं आणि वाटी हातात दिली. त्या वाटी धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बायका म्हणायला लागल्या, घाला हो आजी, घाला. त्यांनी हात मागे घेतला आणि वाटी माझ्यापुढे केली.

"तूच घाल गो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचा पाणी तो पियत नाय."